माशाच्या पोटाखालची जागा

माघातली थंडी होती. धुकं असं दाट पडलं होतं की चुन्याच्या घाण्याचा बैल अर्ध्या फेऱ्यात दिसे आणि उरलेल्या अर्ध्यात नुसती त्याच्या गळ्यातली घाटी वाजे. भागीरथा बैलाच्या मागं चालत होती. गोल चरातून दगडी चाक फिरत होतं आणि खाली चुना चपचपत होता. भाजलेला चुना, विटांचा भुगा, नदीची रेती, वरून गुळाचं पाणी आणि बेलाचा गर. फेऱ्या मोजायची तिला गरज नव्हती. चुना तयार झाला की चाकाचा आवाज बदलतो, कोरडी खरखर जाते आणि आवाज दह्यासारखा जड होतो. तो आवाज आला की ती बैलाला हाक घाली, "हो बापा." बैल थांबे. मग ती हातानं चुना उपसून घमेल्यात भरी.

हातानंच. खोरं पडलेलं असे, पण तिला हाताची सवय झाली होती. चुन्यानं तिच्या बोटांची टोकं खाऊन टाकली होती. पहिला महिनाभर आग व्हायची, जवसाचं तेल चोपडून झोपावं लागायचं. मग एक दिवस आग थांबली, आणि आगीबरोबर बाकीचंही थांबलं. चुलीवरचा उकळत्या पाण्याचा गंज ती उघड्या हातांनी उतरवी. सासू पाही आणि म्हणे, "तुयी चामडी का बैलाची झाली वं?"

"झाली असंल," भागीरथा म्हणे.

घाण्यापलीकडे, धुक्यात, सेठचा बंगला होता आणि बंगल्याच्या मागं हौद.

सेठ नागपूरचा. सागवानाच्या ठेक्यात त्यानं इकडचं निम्मं जंगल पाहिलं होतं आणि पाहिलेलं बरंचसं गाड्यांवर लादलं होतं. वैनगंगेच्या अलीकडे मुरूमटोल्यात त्यानं बंगला बांधला तो शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मुंबईला कुठल्याशा मोठ्या हॉटेलात त्यानं पोहायचा हौद पाहिला होता. त्याच्या तळाला म्हणे रंगीत नक्षी होती, आणि पाणी हाललं की नक्षीही हाले. तसाच हौद त्याला इथं पाहिजे होता. पन्नास हात लांब, वीस हात रुंद, तळाला फुलं आणि मासे. गावाला तीन तलाव होते. माणसं, म्हशी, पोरं त्यातच डुंबत. गावकऱ्यांना हौदाचं नवल वाटलं ते वेगळंच.

"एवढं पाणी लागते आंगधुणीले," बुधू गाडीवान म्हणाला होता, "तं सेठ केवढा मळला असंल!"

हौद खोदायचं काम भागीरथाच्या नवऱ्याकडं आलं. देवाजीकडं. त्याच्या घराण्यात तळी बांधायची विद्या होती. बाप, आजा, पणजा, सगळे तळ्यांच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, म्हातारे झालेले. देवाजी जमिनीकडं पाहून पाणी सांगायचा. बंगल्यामागची जागा पाहून तो सेठच्या दिवाणजीला, गुणवंतरावाला, म्हणाला होता, "इथी खाली झरा आहे जी. तो उंबर पाहा, कुठी झुकला तं. दहा हात सरकवून घेऊ."

गुणवंतराव चष्म्यावरून पाहत म्हणाला, "नकाशा मुंबईहून आला आहे, देवाजी. उंबराले विचारून नाही काढला."

जेठातली गोष्ट. अवकाळी पाऊस झाला आणि खोदकामाच्या दहाव्या दिवशी खड्ड्याची उत्तरेची बाजू खचली. चिलीम ओढून व्हावी एवढ्या वेळात गड्यांनी देवाजीला उकरून काढलं. तेवढा वेळ पुष्कळ झाला. तोंडात माती होती. भागीरथा तेव्हा बांधावर जेवण घेऊन येत होती. पुढचं तिला तुकड्या-तुकड्यानं आठवे. आपण रडलो की नाही, हेही तिला नीट ठाऊक नव्हतं. बाया सांगत, खूप रडलीस. मग रडली असेल.

पावसाळाभर खड्ड्यात पाणी साचलं, बेडकं झाली. दिवाळीनंतर पाणी उपसून भिंती दगडात बांधल्या. धान कापून झालं होतं, घरात बसून दिवस जात नव्हता. घाण्यावर बाई पाहिजे म्हणून निरोप आला तशी भागीरथा गेली. शेजारणी म्हणाल्या, "तिथी कशी जातं वं तू?"

"काम आहे," ती म्हणाली. एवढंच होतं ते.

घरी मात्र सासू वाट पाहत होती. इतवारी बुढीला डोळ्यांनी कमी दिसे, पण रोज संध्याकाळी ती देवाजीचं ताट वाढायला लावी. भात, वरण, कांदा. ताट दाराशी राही आणि सकाळी कोंबड्या खात. आठ महिने चाललं होतं. तेरवी झाली, गाव जेवलं, तरी ताट चालू होतं. कारण देवाजीच्या घराण्याची रीत तशी होती: तळं बांधणारा तळ्यातच गेला, तर जिथं तो गेला ती वीतभर जागा लिपायची नाही. खालून आपलं आपण पाणी यावं लागतं. पाणी आलं की तो मोकळा. मग खुशाल लिपा. त्याआधी लिपली, तर तो तिथंच बसून राहतो, वरचं सगळं पाणी डोक्यावर घेऊन. इतवारीचा सासरा म्हातारपणी असाच एका तळ्याच्या पाळीत गेला होता, आणि चौथ्या दिवशी पाणी आलं होतं, हे ती डोळ्यांनी पाहून होती.

खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं होतं, पण ते वरचं. बुढीच्या लेखी ते धरायचं नव्हतं.

"तळ कधी लिपते?" बुढी विचारी.

"पुसात म्हणतात."

"जागा ठेवजो. माह्या पोरावर चुना नको टाकू."

भागीरथाला काही वाटलं नाही. बरं नाही, वाईट नाही. मीठ आणायला सांगावं तसं तिनं ते ऐकलं आणि डोक्यात ठेवलं. पौषात तळाला गिट्टीचा कोबा पडला तेव्हा गडी बिडी ओढायला गेले, आणि तिनं ओल्या कोब्यातून खालच्या मातीपर्यंत एका फुटक्या मडक्याचा गळा रोवला. उत्तरेच्या पायऱ्यांपासून अकरा हात, भिंतीपासून चार. हे माप आपल्याला पाठ आहे, हे तिला हात टाकेपर्यंत माहीत नव्हतं. गळ्यावर तिनं पोतं टाकलं, पोत्यावर घमेलं.

त्याच आठवड्यात मूल गावच्या टेसनावरून चार बैलबंड्या आल्या. पेट्यांमध्ये निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या होत्या. पेट्या उघडल्या तर निम्म्या फरश्या फुटलेल्या. गुणवंतराव डोक्याला हात लावून पायरीवर बसला. चांद्याहून आलेल्या अयूब मिस्त्रीनं मात्र एक तुकडा उचलला, उन्हात धरला आणि म्हणाला, "फुटल्या तं फुटल्या, दिवाणजी. उरलेल्या आता मी फोडतो."

"काय म्हणतोस?"

"तुकड्याचंच काम करतो. बिनफुटल्या फरशीचा मासा कधी वळते का? तुकडा असला तं वळते."

मग चार दिवस गावातल्या बाया आणि गडी बसून सेठच्या फरश्या फोडत होते. असं मजेचं काम मुरूमटोल्यात कोणाला मिळालं नव्हतं. अयूबनं कोळशानं तळावर नक्षी काढली. चारी कडांनी वेल, मध्ये दोन मोठे मासे, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीला. खालच्या माशाचं पोट बरोबर त्या पोत्यावर आलं.

तुकडे बसवायला अयूबचा भाचा यायचा होता, तो तापानं पडला. बायांनी सांगितलं, भागीरथाचा हात धरा, लग्नातले चौक गावात तीच काढते. अयूबनं तिला एक वेल भरायला दिली आणि तासाभरानं येऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी मासा दिला.

काम असं होतं: दोन बोटं चुना पसरायचा, त्यात तुकडा दाबायचा, थापीनं ठोकायचा, फटी भरायच्या, ओल्या पोत्यानं पुसायचं. पहाटे घाणा, दुपारी हौदाचा तळ. भागीरथा गुडघ्यांवर सरकत जाई आणि तिच्या मागं निळे खवले उमटत जात. छान दिसत असावेत. अयूब तसं म्हणे.

"बाई, खवले उलटे नोको लावू. उलट्या खवल्याचा मासा मागं मागं पोहते."

"मंग सेठ बी मागं पोहीन," ती मान वर न करता म्हणाली.

अयूब हसता हसता खोकलायला लागला. "या अल्ला. मले वाटलं तुले बोलताच येत नाई."

रोज सकाळी घाण्यावर जायच्या आधी ती पोतं उचलून पाही. मडक्याच्या गळ्यात कोरडी माती. कामाच्या पाण्यासाठी पलीकडच्या विहिरीवर इंजन बसलं होतं, ते सगळं पाणी ओढत होतं. झरा होता की नव्हता, कोण जाणे. घरी बुढी विचारी, "आलं का पाणी?"

"नाई."

"ताट वाढ मंग."

माशाचं पोट भरत भरत पोत्याच्या काठाशी आलं. सेठचा निरोप होता, शिवरात्रीला पाहुणे घेऊन येतो. थांबायला जागा नव्हती. अयूब दुपारच्या नमाजाला गेला तेव्हा भागीरथानं मडक्याच्या गळ्यात तलावाची चिकणमाती ठासली आणि वर चुना न घालता पाच निळे तुकडे नुसत्या मातीवर बसवले. कडेनं बोट फिरवलं. कोणाला कळलं नसतं. तिला वाटलं, जागा तर राहिली. लिपली नाही. खालून यायचं असेल तर मातीतूनही येईल. यापेक्षा जास्त तिनं विचार केला नाही.

इंजन दोन दिवस चाललं आणि हौद भरला. गाव पाहायला आलं. पाणी हाललं की मासे खरंच हालत होते. बायका तोंडाला पदर लावून पाहत होत्या. गुणवंतरावानं अयूबच्या पाठीवर थाप मारली, आणि अयूबनं त्या दिवशी नवी टोपी घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या माशाच्या पोटातून पिवळा धूर निघत होता. पाण्यात धूर कसा दिसतो तसा, हळूहळू वर येऊन पसरणारा. आणि हौद चार बोटं उतरला होता.

"गळून राह्यला!" गुणवंतराव ओरडला. "आठ दिवसांवर सेठ आहे आणि हौद गळून राह्यला! मिस्त्री, हे का चांद्याचं काम?"

अयूबनं टोपी काढून खिशात ठेवली. विहिरीवरचं इंजन काढून हौदाला लावलं आणि हौद उपसला. तळ उघडा पडला तसा तो खाली उतरला आणि हातोडीच्या दांड्यानं माशाला ठोकत गेला. टक, टक, टक. पोटाशी आवाज बदलला. धप. त्यानं गवंडीकामाच्या करणीचं टोक घातलं. पाच तुकडे खवल्यासारखे सुटून आले. खाली माती, मातीत मडक्याचा गळा.

भागीरथा घमेलं घेऊन मागं उभीच होती.

"हे तुयं आहे," अयूब म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "माह्या कामात मातीचं थिगळ? तीस वर्ष झाले मले. दर्ग्याची फरशी मी केली, तिच्यातून मुंगी निघत नाई. आता लोक म्हणतीन, अयूबचा हौद गळते. काऊन केलं बाई? मी का वाकडं केलं तुयं?"

"तुमचं नाई काई. इथी माहा मालक गेला."

अयूबला देवाजीचं ठाऊक होतं. कुठल्या जागी, ते ठाऊक नव्हतं. त्यानं खाली पाहिलं आणि उकिडवा बसला होता तो दोन पावलं मागं सरकला.

मग तिनं सांगितलं. रीत काय, पाणी खालून कसं यावं लागतं, बुढी रोज ताट कसं वाढायला लावते. सरकारी माणसाला नाव-गाव सांगावं तसं सांगितलं. मध्ये एकदा घमेलं या हातातून त्या हातात घेतलं.

"पाणी नाई आलं अजून?" अयूबनं विचारलं.

"नाई."

"किती वेळ लागते?"

"मले का माईत. आठ मैने तं झाले."

वरून गुणवंतरावाचं डोकं दिसलं. "काय आहे रे मिस्त्री? सापडली का फट?"

अयूबनं भागीरथाकडं पाहिलं, गळ्याकडं पाहिलं. मग वर न बघता म्हणाला, "सापडली जी. पण उघडी ठेवा लागते आज. हवा लागू द्या. संध्याकाळी भरतो."

"संध्याकाळी म्हणजे संध्याकाळी! नाही भरली तर सेठले तूच सांगजो, अन् आपलं सामान गाडीत टाकजो."

"हो जी."

डोकं गेलं. अयूबनं मडक्याच्या गळ्यातली माती स्वतः करणीनं काढली, कोपरापर्यंत हात घालून. मग तो भिंतीला टेकून बसला आणि बिडी पेटवली. भागीरथा गळ्याशी बसली. भोवती निळे-पांढरे तुकडे उन्हात चमकत होते. वर कोणीतरी बैलाला शिव्या देत होतं. दुपार झाली. अयूबनं आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर तिच्यापुढं ठेवली. तिनं खाल्ली.

"माह्या घरची खुर्शीदा," अयूब उगाच बोलावं तसं म्हणाला, "तिचा बाप मेला तं चाळीस दिवस तिनं दाराची कडी नाई लावली. चोरी झाली घरात. तवा-परात गेली. तरी नाई लावली."

"मंग?"

"मंग काई नाई. एकेचाळिसाव्या दिवशी लावली."

ऊन भिंतीवर चढायला लागलं. भागीरथाला डुलकी आली होती की काय, कोण जाणे. अयूब म्हणाला, "बाई."

गळ्याच्या तळची माती काळी झाली होती. कडेला एक बुडबुडा आला आणि फुटला. मग दुसरा. मग पाणी, चुळभर, मग ओंजळभर, आपलं आपण वर चढत काठाशी येऊन थांबलं. आधी गढूळ होतं. थोड्या वेळानं निवळलं. तळाची रेती दिसायला लागली, एक-एक दाणा उडताना.

हौदातून जिरलेलं पाणीच परत आलं असेल, किंवा विहिरीवर इंजन नव्हतं म्हणून झरा फुटला असेल. अयूबला ते कळत होतं. तो उठून दूरच्या कोपऱ्यात गेला आणि स्वच्छच असलेली करणी धूत बसला.

भागीरथानं ओंजळ बुडवली. चार बाजूंना पाणी शिंपडलं. पुन्हा ओंजळ बुडवली, आणि तशीच धरून बसली. काहीतरी म्हणायचं असतं का अशा वेळी? बुढीनं तसं सांगितलं नव्हतं. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं.

"झालं," ती म्हणाली.

अयूब सेठच्या शिमिटाच्या थैलीतून घमेलंभर शिमिट घेऊन आला. वाहत्या पाण्यात चुना धरत नाही. "मी भरतो," तो म्हणाला.

"नाई. मी भरतो," ती म्हणाली.

तिनं गळ्यात दगड ठोकला, ताग कोंबला, वरून शिमिट दाबलं आणि तळहातानं धरून बसली, अयूब "हूं" म्हणेपर्यंत. मग चुना. मग तुकडे. एक निळा तुकडा फुटून भुगा झाला होता, त्या जागी तिनं पांढरा बसवला.

गुणवंतराव खाली उतरून चष्मा पुसत पाहू लागला. "हे पांढरं काय आलं पोटात?"

"माशानं काई खाल्लं असंल," अयूब म्हणाला. "आणखी एक सांगतो, दिवाणजी. पावसाळ्यात हौद रिकामा नोका ठेवू. खालून झरा दाबते. मासे सगळे उठून येतीन वर."

"झरा? झरा कुठला इथं?"

"आहे," अयूब म्हणाला. "पहिलेच सांगतलं होतं तुमाले कोणीतरी."

दिवस मावळायच्या आत भागीरथा घरी पोचली. बुढी दाराशी बसून होती.

"आलं का पाणी?"

"आलं."

बुढीचे हात मांडीवर होते ते तिथंच राहिले. मग तिनं विचारलं, "खालून आलं ना?"

"खालून."

"हात घातला तू?"

"घातला."

"थंडं होतं का?"

भागीरथा उंबऱ्यावर थांबली. ओंजळ भरली होती, दोनदा. पाणी दिसलं होतं, जड लागलं होतं. थंड की गरम, ते तिच्या बोटांना काही समजलं नव्हतं. तिनं हात उलटे करून पाहिले. टोकं पांढरी, भेगाळलेली, त्यात शिमिट.

"थंडं होतं," ती म्हणाली.

"थंडंच राह्यते ते," बुढी म्हणाली. "त्याले गरम पाणी चालत नव्हतं."

भात झाल्यावर भागीरथानं सवयीनं तीन ताटं घेतली. तिसरं परत ठेवलं. बुढीनं भांड्याचा आवाज ऐकला आणि आपलं ताट पुढं ओढलं. दोघी जेवल्या. कांदा तिखट होता.

सकाळी पुन्हा धुकं होतं. हौदाच्या काठाची फरशी राहिली होती, तिला चुना पाहिजे होता. भागीरथानं गूळ भिजत घातला, बैलाच्या मानेवर जू ठेवलं, जोतं आवळलं. बैल जागचा हालेना. तिनं त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून ढकललं.

"चाल बापा," ती म्हणाली, आणि चाक फिरायला लागलं.